पाणी वर गेलंय, संध्याकाळी येईल

भटकबहाद्दर

नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी सांधण दरी उतरलो आणि खाली चोंढ्याच्या बाजूला मुक्काम टाकला. उतरून आलो तेव्हा चार वाजले होते. समोर धरण, पण पाण्याची अवस्था बघून चक्रावलो. काठाने ओल्या खडकाचा चांगला रुंद पट्टा, जसं कुणी नुकतंच बूच काढलंय. फेब्रुवारीचं ऊन, तरी पट्टा ओला. म्हणजे पाणी त्याच दिवशी उतरलेलं. वाट दाखवायला आलेल्या मामांना विचारलं, तर तंबाखू मळत म्हणाले, "पाणी वर गेलंय. संध्याकाळी येईल."

मला वाटलं मामा फिरकी घेताहेत. सकाळी सहाला तंबूतून डोकं बाहेर काढलं तर पट्टा गायब! पाणी काठाला टेकलेलं. समुद्राला भरती-ओहोटी असते हे ठाऊक आहे, पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या तळ्याला?

घरी येऊन थोडं वाचलं. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प, १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ पासून चालू. वर घाटघरला प्रवरेवर एक तळं, खाली चोंढ्याला दुसरं, मधे साधारण चारशे मीटरचा उतार. विजेची चणचण नसेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की तेच खाली सोडून वीज काढायची. इथपर्यंत कळलं. पण चढवायला १०० युनिट लागले तर उतरताना ७५-८० च हाती येतात म्हणे. म्हणजे रोज वीस-पंचवीस युनिट पाण्यात गेले! हा आतबट्ट्याचा धंदा कोण करतंय आणि कशासाठी? कोयना, भिरा हेही असंच करतात का? जाणकारांनी उलगडून सांगा. मी कॉमर्सवाला, सूत्रं बेताची टाका.

शंकासुर

उत्तर तुम्हीच दिलंत. आतबट्ट्याचा धंदा आहे. (हलके घ्या.)

चाळकरी

मी विजेतला नाही, निफाडकडचा कांदेवाला आहे. पण हे मला लगेच कळलं.

उन्हाळ कांदा निघतो तेव्हा सगळ्यांचाच एकदम निघतो आणि भाव बसतो. मग चाळीत भरतो. पाऊस लागेपर्यंत काही सुकतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. शंभर क्विंटल भरले तर पंचाहत्तर निघाले तरी देवाला नारळ फोडतो. आजवर कुणी विचारलं नाही की "चाळीत कांदा पिकतो का?" चाळ पिकवत नाही, सांभाळते. घट धरूनच हिशोब करायचा असतो. तुमचं घाटघर ही विजेची चाळ आहे, मळा नाही.

मोजपट्टी

चाळकरी, फळ्यावर लिहून ठेवावं असं उत्तर. आता थोडे आकडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. चौथ्या मजल्यावर, जमिनीपासून १२ मीटर. ते सगळं पाणी खाली सोडून वीज काढली तर किती? एका युनिटचा तिसावा भाग. नऊ वॉटचा दिवा साडेतीन तास जळेल, तोही गळती काहीच धरली नाही तर. बस्स. पूर्ण टाकीचे एवढेच.

तीच टाकी घाटघरच्या उंचीवर, म्हणजे ४०० मीटरवर ठेवा. आता गळती वजा करूनही साधारण एक युनिट मिळतं. हजार लिटरला एक युनिट, हा हिशोब लक्षात ठेवायला सोपा. उंची निम्मी झाली तर पाणी दुप्पट लागतं. म्हणूनच सह्याद्रीचा कडा विजेच्या दृष्टीने सोन्याचा. घाटमाथ्यावर पाऊस धो धो, आणि दोन-चार किलोमीटर पश्चिमेला गेलं की जमीन एकदम चारपाचशे मीटर खाली कोकणात. गंगेच्या मैदानात हे कुठून आणणार?

आता घाटघरचे दोन्ही संच सहा तास पूर्ण चालले असं धरा. २५० मेगावॉट गुणिले सहा तास म्हणजे १५ लाख युनिट. लागलेलं पाणी साधारण दीडशे कोटी लिटर. भटकबहाद्दर, तुम्ही बघितलेला ओला पट्टा हाच!

शंकासुर

बरं, चाळ मान्य. पण आता बॅटऱ्या आल्यात की. डोंगर पोखरून, धरणं बांधून पाणी वरखाली करण्यापेक्षा बॅटरी ठेवावी. जमाना कुठे चाललाय!

मोजपट्टी

ठेवा की. विजेच्या स्कूटरची बॅटरी धरा तीन युनिटची. १५ लाख युनिट म्हणजे पाच लाख स्कूटरच्या बॅटऱ्या, आणि त्या रोज पूर्ण भरून पूर्ण रिकाम्या करायच्या. काही वर्षांत त्यांची धारणक्षमता उतरते. धरणाचा पाण्याशी केलेला व्यवहार पन्नास-साठ वर्षं चालतो, यंत्रं मधे एकदोनदा नवी करावी लागतात एवढंच.

बॅटरीच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर शंकासुर मला सोडणार नाहीत. ती वर्ष-दीड वर्षात उभी राहते, जंगल लागत नाही, शहराच्या दारात ठेवता येते, आणि घटही कमी. दोन तासांचं काम असेल तर बॅटरीच बरी. सहा-आठ तास रोज सांभाळायचं असेल तर डोंगर बरा. माझं मत एवढंच.

पोफळीचा अण्णा

कोयनेचा विषय निघाला म्हणून लिहितोय. पोफळीच्या विद्युतगृहात नोकरीची बरीच वर्षं गेली, आता निवृत्त. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आधी भटकबहाद्दर यांच्या प्रश्नातला एक गैरसमज. कोयना पाणी वर चढवत नाही. ते काम पाऊस करतो, फुकट. शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. तेवढं साठलं की तीच साठवलेली वीज. फक्त अजून ती पाण्याच्या रूपात आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय, आणि हिशोबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणजे पगार वर्षातून एकदाच आणि तो ३१ मेपर्यंत पुरवायचा. असा पगार असेल तर माणूस काय करेल? नडेल तेव्हाच खर्च करेल. कोयनेची यंत्रं म्हणूनच दिवसभर एकसारखी फिरत नाहीत. सकाळी गिझर लागतात तेव्हा आणि संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा त्यांची खरी कामाची वेळ.

चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं घर मिळून १९६० मेगावॉट. पैकी एकटा चौथा टप्पा १०००. त्यासाठी भरल्या जलाशयाच्या पोटाखालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, १३ मार्च १९९९ ला. लेक टॅपिंग म्हणतात त्याला. तळं रिकामं न करता तळाला भोक पाडायचं. त्या दिवशी आमच्यातले कितीतरी जण सकाळपासून जेवले नव्हते.

आता यंत्र कसं चालतं ते. पहिल्या दोन टप्प्यांत पाणी नवजाकडून बोगद्यात शिरतं, डोंगर ओलांडतं आणि दाबनळातून खाली जमिनीच्या पोटातल्या विद्युतगृहात येतं. उंचीतला फरक पावणेपाचशे मीटरच्या घरात. खाली नोझल असतं, घरातल्या नळाला लावतो तसंच, फक्त त्यातून निघणारी धार ताशी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरने सुटते. ती धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. वाटी दोन द्रोण शेजारी शेजारी चिकटवल्यासारखी असते, मधे धारदार कणा. धार त्या कण्यावर दुभंगते आणि दोन्हीकडून वळून मागे फिरते. गंमत अशी की चाक धारेच्या साधारण निम्म्या वेगाने फिरत असलं पाहिजे. मग पाणी सगळा जोर चाकाला देऊन टाकतं आणि खाली नुसतं गळून पडतं. तेवढ्या वेगाने आलेलं पाणी चाकाखाली अगदी गरीब झालेलं असतं. मी नवीन असताना हे बघायला मुद्दाम उभा राहायचो.

चाकाच्याच दांड्यावर वर जनित्र. चुंबकं फिरतात, भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज उभी राहते, तिचा दाब रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) चढवून ती तारांवर. पुस्तकात एवढंच असतं. खरी कसरत पुढे.

भटकबहाद्दर

अण्णा, थांबू नका. पुढे म्हणजे?

वेल्सवासी

अण्णा लिहीत असतील तोवर इकडचं सांगतो. मी उत्तर वेल्समधे राहतो. इथे डिनॉर्विग नावाचं असंच केंद्र आहे, १९८४ मधे सुरू झालेलं, १७२८ मेगावॉट. पाटीच्या दगडाची जुनी खाण असलेला डोंगर पोखरून आत सगळं बसवलंय. बाहेरून बघितलं तर नुसतं तळं आणि मेंढ्या.

इथली कथा चहाची आहे. टीव्हीवर मोठा सामना असला की मध्यंतरात लाखो लोक एकदम उठून किटली लावतात, आणि देशाची मागणी काही मिनिटांत उसळते. डिनॉर्विगची यंत्रं अशा वेळी हवेत नुसती फिरत तयार ठेवतात. पाणी सोडलं की १२ सेकंदांत शून्यावरून १३२० मेगावॉट! नियंत्रण कक्षातल्या माणसाला म्हणे मालिका कधी संपणार हे माहीत असावं लागतं.

मीटरवाली

वेल्सवासी, आमच्याकडे किटलीचं काम उलट्या दिशेने झालं होतं! ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवा म्हणून सांगितलं होतं ना? देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. कोळशाच्या बॉयलरला एवढ्या झटपट खाली आणता येत नाही. तोल सांभाळला तो मुख्यतः पाण्याने. जलविद्युत आधी मुद्दाम पंचवीस हजार मेगावॉटच्या वर नेऊन ठेवली होती, ती आठ हजारांपर्यंत उतरवली, आणि दिवे लागायला लागल्यावर पुन्हा वर काढली. सगळा खेळ पाऊण तासाचा.

पोफळीचा अण्णा

मीटरवाली ताईंनी माझा मुद्दा सोपा केला.

वीज तारेत साठत नाही. ज्या क्षणी कुणीतरी मिक्सर लावतो त्याच क्षणी कुठेतरी तेवढी जास्त तयार व्हावी लागते. नाही झाली तर देशभरची सगळी जनित्रं किंचित मंदावतात. विजेची सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ, त्याचं ४९.९ होतं, ४९.८ होतं. बैलगाडी चढाला लागल्यावर बैलांची चाल पडते तसं. आमच्या कक्षात भिंतीवर हा आकडा सतत समोर असायचा. घड्याळाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायचो. कळव्याहून, म्हणजे राज्याच्या भार प्रेषण केंद्राकडून फोन येणार हे तो आकडा आधीच सांगायचा.

फोन आला की थांबलेलं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भारावर. गार पडलेल्या कोळशाच्या संचाला त्याच कामाला अनेक तास लागतात.

वाढवणं सोपं, एकदम कमी करणं अवघड. समजा लाईन ट्रिप झाली, भार क्षणात गेला. चाकावर धार चालूच, चाक उधळणार. मग नोझल पटकन बंद करावं? तसं केलं तर दाबनळातलं शेकडो टन धावतं पाणी जागच्या जागी अडतं आणि नळ फोडू शकतं. घरातला नळ झटकन बंद केला की भिंतीत धाड् आवाज येतो, तोच प्रकार, हजारो पटीने. म्हणून धारेच्या तोंडापाशी एक पोलादी पाखं असतं, डिफ्लेक्टर. ते आधी धार चाकावरून बाजूला उडवतं, आणि नोझल मागाहून सावकाश मिटतं. शिवाय बोगदा संपतो तिथे डोंगरात उभी विहीर खोदलेली असते, सर्ज वेल. अडलेलं पाणी तिच्यात उसळून वर चढतं आणि डुलत डुलत शांत होतं.

घाटघरचं यंत्र वेगळं. तिथे पेल्टन चालत नाही, कारण वाट्यांचं चाक उलटं फिरवून पाणी वर ढकलता येत नाही. तिथे फ्रान्सिस जातीचं उलटसुलट चालणारं चाक असतं. एका दिशेने फिरलं की टर्बाइन, दुसऱ्या दिशेने फिरवलं की पंप. जनित्रच मोटर होतं. एकच माणूस दिवसा हमाल आणि रात्री दुकानदार. असं यंत्र खालच्या तळ्याच्या पातळीपेक्षाही बरंच खोल बसवावं लागतं. नाहीतर पंप चालताना चाकाच्या मागे पोकळ बुडबुडे होतात आणि ते फुटून पोलाद कुरतडतात. जमिनीखाली विद्युतगृह करण्यामागे हेही एक मोठं कारण.

मुळशीकरीण

सगळं छान चाललंय, पण "पाऊस करतो, फुकट" हे वाचून थांबले. अण्णा, राग मानू नका. फुकट कुणासाठी?

मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी घाटावर तळी बांधली. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्यासाठी मुळा नदीवर मुळशीचं धरण. त्याच्याविरुद्ध १९२१ मधे मावळातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले. धरण व्हायचं ते झालंच. आमच्या घरात अजून "जुनं गाव" म्हटलं की पाण्याकडे बोट दाखवतात.

आणि पाण्याची दिशा. मुळा, कोयना मुळात पूर्वेला वाहणाऱ्या. ते पाणी भीमेत-कृष्णेत जायचं, ते अडवून कोकणात उतरवलं. विजेला उंची मिळाली, पण सोलापूरकडचा माणूस दुष्काळात या तळ्यांचं नाव का काढतो तेही लक्षात घ्या.

पोफळीचा अण्णा

राग कसला ताई, खरं तेच बोललात. कोयनेच्या पाण्याखालीही गावं आहेत. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या पिढीने ऐकलेला नाही, सोसलेला आहे. मी तेव्हा शाळकरी होतो. 'फुकट' हा शब्द मागे घेतो.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणकरांचीही हजेरी लावून घ्या. पोफळीला वीज देऊन झालेलं पाणी कोळकेवाडी धरणात येतं, तिथून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा वीज देतं आणि मग आमच्या वाशिष्ठीत. एप्रिल-मेमधे कोकणातल्या बाकीच्या नद्या आटतात, आमची वाहते. यंत्रं बंद असली की उतरते, चालू झाली की चढते. लहानपणी डोहात उतरताना आई विचारायची, "मशीन चालू आहे का रे?"

मुळशीकरीण

हो, तसंच कुंडलिकेचं. कोलाडला राफ्टिंगला सकाळीच का नेतात माहितीये? भिऱ्याहून सुटलेलं पाणी तेव्हा येतं म्हणून. पुण्यामुंबईची पोरं हेल्मेट घालून ज्या लाटांवर ओरडतात, त्या लाटांनी आधी वीज देऊन झालेली असते. मुळशीचंच पाणी ते. (अवांतर झालं, पण राहवलं नाही.)

शंकासुर

आता एक खरी शंका, टवाळी नाही. उदंचनाचे प्रकल्प अचानक एवढे का निघालेत? २०२३ मधे टाटांनी राज्य सरकारबरोबर शिरवट्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॉटचा करार केला. त्याच वर्षी राज्याचं उदंचनाचं धोरणही आलं. घाटघर २००८ चं. मधली पंधरा वर्षं सगळे झोपले होते का?

मीटरवाली

झोपले नव्हते, दिवस-रात्र बदलली!

घाटघर आखलं तेव्हा स्वस्त वीज रात्रीची होती. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत, आणि गिऱ्हाईक झोपलेलं. म्हणून रात्री पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी वापरायचं असा बेत होता. आता सौरऊर्जेमुळे दुपारी वीज उतू जाते. बारा-एक वाजता घेणारे कमी पडतात, आणि सूर्य मावळला की दोनेक तासांत सगळ्यांना एकदम हवी. चाळकरी दादांचा कांदा आता रोज दुपारी बारा वाजता बाजारात येतो आणि रोज संध्याकाळी सात वाजता महागतो. जिथे भावात एवढा फरक, तिथे चाळी उभ्या राहणारच.

भटकबहाद्दरांनी चार वाजता खालचं तळं उतरलेलं पाहिलं, ते यामुळेच. दुपारभर पाणी वर गेलं, रात्री परत आलं.

चाळकरी

म्हणजे आमच्याकडे दिवसाची वीज शेतीला द्यायला लागले, तेही याच कारणाने ना? रात्री बिबट्याच्या भीतीने मोटर चालू करायला जायचो. सूर्याने तेवढं तरी केलं.

मोजपट्टी

शंकासुर, एक भेद मात्र नोंदवतो. उदंचन म्हटलं की सगळं सारखं नाही. पैठण आणि उजनीलाही १२-१२ मेगावॉटची उलटसुलट यंत्रं आहेत, पण तिथे नदीचं मोठं धरण आणि त्याखाली छोटा बंधारा, उंचीही थोडी. घाटघरसारख्या जोडतळ्यात तेच तेच पाणी फिरतं, बाष्पीभवनाची भर घातली की झालं. मुळशीकरीण ताईंच्या आक्षेपातला पाणी पळवण्याचा भाग इथे फारसा लागू होत नाही. जमिनीचा आणि जंगलाचा भाग पूर्ण लागू होतो.

मुळशीकरीण

बरोबर. आणि घाटमाथ्यावर एका ओळीत किती तळी करायची हे कुणी मोजतंय का, हा माझा प्रश्न तसाच आहे.

भटकबहाद्दर

मंडळी, दोन दिवसांत जे शिकलो ते कॉलेजात शिकवलं असतं तर कॉमर्सला गेलो नसतो. पुढच्या खेपेला वर घाटघरला थांबणार आहे. अण्णा, दोन्ही तळी एका नजरेत कुठून दिसतील?

पोफळीचा अण्णा

घाटघरच्या कोकणकड्यावर जा. पाच-साडेपाचला पोचा. खाली चोंढ्याचं तळं दिसेल, रोड झालेलं. वरचं तळं येतानाच बघून ठेवा, तुडुंब असेल. विद्युतगृह शोधू नका, ते तुमच्या पायाखालच्या डोंगरात कुठेतरी आहे. आवाजही यायचा नाही. अंधार पडून शहापूरकडचे दिवे लागले की समजा खाली पाणी चढायला लागलं.

भटकबहाद्दर

आत्ताच मामांना फोन केला होता, येतोय म्हणून सांगायला. म्हणाले, "काल रविवारी पाणी वर गेलंच नाही, कुणी सांगितलं नसेल वाटतं." अण्णा, हे काय आता?

पोफळीचा अण्णा

एखादा संच देखभालीला घेतला असेल. किंवा कळव्याने हिशोब करून सांगितलं असेल, आज राहू दे. मामांना म्हणावं, सोमवारचं कळवा.